कायदा, नियम, परिपत्रक की नुसती चाल? लहान संस्थांनी बदल मागावा कसा

‘संस्थांसाठीचे कायदे जाचक आहेत, ते सोपे करा’ असं निवेदन तुम्हीही कधीतरी दिलं असेल. साहेबांनी ते हसत घेतलं असेल, फोटो निघाला असेल, दुसऱ्या दिवशी पेपरात तालुक्याच्या पानावर चार ओळी आल्या असतील. पुढे काही झालं नसेल, कारण त्या कागदावर कोणत्याच अधिकाऱ्याला करण्यासारखं काही नव्हतं. कुठलं कलम, कुठला कागद, काय खोडायचं आणि त्या जागी काय लिहायचं, हे त्यात लिहिलेलंच नसतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका लहान संस्थेची सचिव. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतावर जाणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी पाळणाघर आणि मुलींचे संध्याकाळचे वर्ग, एवढाच आमचा पसारा. रोजकीर्द मी लिहिते, ठरावाचं पुस्तक मी सांभाळते आणि मार्च संपला की व्हाउचरची पिशवी घेऊन सीएकडेही मीच जाते. मी वकील नाही. पण नियम बदलून मागायचं काम वकिलापेक्षा पिशवीवाल्या माणसाला जास्त जमतं असं माझं मत झालंय, कारण नेमकं कुठे अडतं ते त्यालाच माहीत असतं.

आधी पायरी ओळखा

संस्थेला अडवणारी गोष्ट चार ठिकाणांपैकी कुठेतरी असते. कायद्यात असेल तर ती फक्त विधिमंडळ किंवा संसद बदलू शकते. नियमात असेल तर शासन राजपत्रात दुरुस्ती काढून बदलू शकतं. परिपत्रकात किंवा शासन निर्णयात असेल तर विभागाच्या सचिवाची किंवा आयुक्ताची सही पुरते. आणि चौथं ठिकाण म्हणजे चाल: कुठेच लिहिलेलं नाही, पण खिडकीवर ‘असंच लागते’ म्हणून सांगतात. लहान संस्थांचा बहुतेक जाच शेवटच्या दोन पायऱ्यांवर असतो. भांडायला मात्र आपण थेट पहिल्या पायरीवर जातो आणि दमून परत येतो.

चेंज रिपोर्टचंच घ्या. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: आपल्या राज्यात 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्थासुद्धा 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत येते. अध्यक्ष बदलला, कोणी वारलं, पत्ता बदलला की कलम 22 प्रमाणे तो बदल 90 दिवसांत कळवायचा, तोच चेंज रिपोर्ट. हे झालं कायद्यातलं. हा कायदा मुळात ‘मुंबई’ नावाचा होता, नंतर ‘महाराष्ट्र’ झाला. जुन्या शिक्क्यांवर अजून मुंबईच दिसते. 2017 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि चेंज रिपोर्ट आधी तात्पुरता स्वीकारायचा, हरकती मागवायच्या, हरकत आली नाही तर तो कायम करायचा, अशी सोय आली. हेही कायद्यातच आहे.

आता शेजारच्या जिल्ह्यातल्या माझ्या एका मैत्रिणीच्या संस्थेचं ऐका. अध्यक्ष वारले, नवीन अध्यक्ष सभेत एकमताने निवडल्या गेल्या, चेंज रिपोर्ट मुदतीत दाखल झाला. बँकेत गेल्या तर शाखेत उत्तर मिळालं, ‘ताई, मंजूर झालेली प्रत आणा, मगच सही बदलून देतो.’ मंजुरीला वेळ लागत राहिला. खात्यात पाळणाघराच्या ताईंचं मानधन पडून, आणि ज्यांची सही चालते ते गृहस्थ स्वर्गात. मैत्रीण म्हणाली, ‘कायदाच बदलला पाहिजे बाप्पा!’ पण कायद्यात कुठे काय अडलं होतं? निवडून आलेली कार्यकारिणी चेंज रिपोर्ट प्रलंबित असतानाही काम करू शकते, हे मुंबई उच्च न्यायालयाने सांगून ठेवलेलं आहे. अडवलं ते बँकेच्या शाखेतल्या चालीनं. त्यावरचा उपाय वेगळा: शाखेकडे लेखी मागायचं की ही अट तुमच्या कुठल्या सूचनेत आहे, मग बँकेच्या विभागीय कार्यालयाकडे तक्रार, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्या योजनेचं नाव एकात्मिक लोकपाल योजना. तक्रारीला पैसे लागत नाहीत.

आता याच्या उलट उदाहरण. 2020 मध्ये विदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, दुरुस्ती झाली. एका संस्थेने आपल्याकडे आलेला विदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, असं आलं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, आणि पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरलेल्या शाखेतच उतरवायचा, असं झालं. नागपूर-मुंबईच्या मोठ्या संस्थांकडून आमच्यासारख्या गावातल्या संस्थांना जे लहान प्रकल्प यायचे, ते एका फटक्यात बंद झाले. हे कलमात आहे. कोणत्याही साहेबाला भेटून, कितीही ओळख काढून ते हलणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 8 एप्रिल 2022 च्या निकालात या दुरुस्त्या कायम ठेवल्या. पदाधिकाऱ्यांच्या आधारच्या सक्तीबाबत तेवढी पासपोर्टची मोकळीक दिली. तेव्हा हे बदलायचं तर वाट संसदेतून जाते, आणि ती लांब आहे हे धरूनच चालायचं.

पायरी ओळखायची सोपी युक्ती अशी: कोणी काही मागितलं की नम्रपणे विचारा, ‘साहेब, हे कुठल्या कलमाप्रमाणे ते अर्जावरच लिहून द्याल का?’ कलम असेल तर लिहून देतात. परिपत्रक असेल तर झेरॉक्स देतात. काहीच नसेल तर बहुतेक वेळा अर्जच घेतात.

वहीत नोंदी

दोनशे पानी वही घ्या. डाव्या बाजूला तारीख, कार्यालयाचा प्रकार, काय मागितलं, कशाच्या आधारावर. उजव्या बाजूला त्यामुळे काय खोळंबलं आणि किती खर्च झाला: एसटीचं तिकीट, झेरॉक्स, त्या दिवशीची बुडालेली मजुरी. आमच्या कोषाध्यक्ष काकाजींना हे आधी फुकटचं काम वाटलं. पण अधिकाऱ्यासमोर ‘फार त्रास होतो जी’ म्हणणं वेगळं आणि सहा संस्थांच्या वह्या टेबलावर उघडून ठेवणं वेगळं.

वहीत न मिळणारी माहिती माहितीच्या अधिकारात मागा. आपल्या राज्यात जोडपत्र ‘अ’ भरायचं, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर जोडपत्र ‘ब’, 20 रुपयांचा स्टॅम्प, पहिलं अपील. ‘चेंज रिपोर्ट उशिरा का होतात?’ असं विचारू नका. ‘का’ची माहिती कोणत्याच फाइलमध्ये नसते. असं विचारा: ‘अमुक वर्षात दाखल झालेले चेंज रिपोर्ट किती, त्यांपैकी हरकत नसलेले किती, त्यांपैकी आज प्रलंबित किती, आणि सर्वांत जुन्याची दाखल तारीख कोणती.’ चार आकडे मिळतात. हे चार आकडे मोर्च्यापेक्षा जड असतात.

सेवा हमी कायदा, 2015 हाही बघून ठेवा. तुमचं काम अधिसूचित सेवांच्या यादीत असेल तर त्याला मुदत ठरलेली असते आणि मुदत टळली की अपील करता येतं. यादीत नसेल तर ते यादीत घाला हीच एक छान, छोटी, मागता येण्यासारखी मागणी आहे.

माणसं कोणती जमवायची

इथे आपली मंडळी एक गोष्ट विसरतात. धर्मादाय आयुक्तांच्या कायद्याखाली फक्त ‘एनजीओ’ येत नाहीत. गावातलं सार्वजनिक वाचनालय येतं, हनुमान मंदिराचा ट्रस्ट येतो, व्यायामशाळा येते, नोंदणी केलेलं गणेश मंडळ येतं, आणि मुख्य म्हणजे शिक्षण संस्था येतात. आपल्याकडच्या कित्येक आमदारांची, माजी आमदारांची, जिल्हा परिषद सदस्यांची स्वतःची शिक्षण संस्था असते. त्यांना ‘नागरी समाजाचा अवकाश आकुंचित होतोय’ असं सांगितलं तर ते घड्याळाकडे बघतात. ‘भाऊ, चेंज रिपोर्ट अडकला’ म्हटलं की खुर्ची पुढे ओढतात.

आमच्या बैठकीला म्हणूनच आम्ही वाचनालयवाल्यांना आणि देवस्थानच्या विश्वस्तांना आधी बोलावलं. एका देवस्थानचे सत्तरीतले विश्वस्त उठून म्हणाले, ‘ताई, तुमच्या एनजीओचं मले समजत नाही. पण माह्या भावाचं नाव शेड्यूलवरून काढाले मी अजून चकरा मारून राह्यलो, अन् तो जाऊन किती वर्षं झाली!’ (शेड्यूल म्हणजे धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांच्या नावांची नोंद.) सगळ्या सभेचा सूर त्या एका वाक्याने लागला. विचार जुळायची गरज नसते, अडचण एक असली की पुरे. जात, पक्ष, भगवं-निळं-हिरवं सगळं त्या दिवशी बाहेर चपलांपाशी.

बैठक तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी ठेवा. लोक तसेही येतात. अजेंड्यावर एकच विषय. दोन ठेवले की दुसऱ्यावर भांडण होतं.

एक पान

मागणीचा कागद हा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबते. आमच्या पहिल्या मसुद्यातलं वाक्य असं होतं: ‘ग्रामीण भागातील सेवाभावी संस्थांवर होणारा अन्याय तातडीने दूर करून संस्थांना न्याय द्यावा, ही नम्र विनंती.’ कानाला बरं वाटतं. पण समजा तुम्हीच त्या खुर्चीवर बसला आहात. या वाक्यावर कोणता आदेश काढाल?

मग काटछाट करत जे उरलं ते साधारण असं:

‘विषय: हरकत नसलेल्या चेंज रिपोर्टची सद्यःस्थिती जाहीर करण्याबाबत.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 नुसार संस्थेने बदल 90 दिवसांत कळवायचा असतो. 2017 च्या दुरुस्तीने तात्पुरत्या स्वीकृतीची तरतूद केली आहे. परंतु दाखल केलेला बदल कोणत्या टप्प्यावर आहे हे संस्थेला कार्यालयात आल्याशिवाय कळत नाही. सोबत तालुक्यातील संस्थांच्या नोंदी जोडल्या आहेत.

मागणी: परिपत्रक काढून प्रत्येक कार्यालयाने दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रलंबित चेंज रिपोर्टची यादी, दाखल तारीख, सद्य टप्पा व पुढील तारीख यांसह, फलकावर आणि संकेतस्थळावर लावावी. यासाठी कायद्यात किंवा नियमात बदल करण्याची गरज नाही.’

शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. ते वाचलं की अधिकारी सैल होतो. विधी विभागाचा अभिप्राय नको, मंत्रिमंडळ नको, वित्त विभागाची टिपणी नको. त्याला आपल्या सहीने करता येईल असं काहीतरी त्याच्यासमोर आहे. आणि अशी यादी भिंतीवर लागली की उशीर आपोआप दिसू लागतो. दिसू लागला की पुढची मागणी, म्हणजे मुदतीची, करायला जागा मिळते. एकाच कागदात दोन्ही मागितलं असतं तर दोन्ही गेलं असतं.

कागद मराठीतच. केंद्र सरकारकडे जाणार असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडा, पण मूळ मराठी ठेवा. सह्या करणाऱ्यांनी आपण कशावर सही केली ते वाचलेलं असावं. सह्या संस्थेच्या लेटरहेडवर, पी.टी.आर. क्रमांकासह, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदणी क्रमांकासह. नुसत्या नावांच्या शंभर सह्यांपेक्षा क्रमांकासह बारा संस्था बऱ्या.

कागद कुठे न्यायचा

चालीबद्दल असेल तर जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे. त्यांच्या वर आपल्याकडे नागपूर आणि अमरावतीला सह धर्मादाय आयुक्त, आणि त्यांच्याही वर मुंबईत वरळीला धर्मादाय आयुक्त. परिपत्रकाची मागणी वरळीला जाते, प्रत खालच्या दोघांना. नियम किंवा कायदा बदलायचा असेल तर मंत्रालयातला विधी व न्याय विभाग. टपालाने पाठवलं तरी चालतं, पण पोच हवी, आणि पोचीवर आवक क्रमांक हवा. आवक क्रमांक नसलेला कागद हा सरकारदरबारी जन्मलेलाच नसतो.

विदर्भातल्या माणसाला एक सोय अशी आहे जी पुण्या-मुंबईच्या संस्थांना नाही. 1953 च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन नागपुरात होतं. आख्खं मंत्रालय आपल्या दाराशी येतं. पण बहुतेक जण अधिवेशनात काय करतात? यशवंत स्टेडियमवरून मोर्चा काढतात, पोलिस अडवतात तिथे बसतात, शिष्टमंडळ निवेदन देऊन येतं. मोर्चा काढू नका असं मी म्हणणार नाही. काही प्रश्न मोर्च्याशिवाय ऐकलेच जात नाहीत. पण कलमाची किंवा परिपत्रकाची मागणी असेल तर खरं काम अधिवेशनाच्या आधी होतं. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, अधिवेशन सुरू व्हायच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो. म्हणून दिवाळी झाली की लगेच आमदारांच्या मतदारसंघातल्या कार्यालयात जा. आमदारांना नंतर, पी.ए.ला आधी भेटा. प्रश्न तुम्हीच लिहून न्या, तीन-चार ओळींत: ‘हे खरे आहे काय? असल्यास, प्रलंबित प्रकरणे किती? ती निकाली काढण्याकरिता शासनाने कोणती उपाययोजना केली वा करण्यात येत आहे?’ हा साचा विधानसभेच्या प्रश्नोत्तरांच्या यादीत सापडतो, तसाच वापरा. माहिती अधिकारातले ते चार आकडे इथे कामी येतात. पी.ए. खूश होतो, कारण त्याचं काम तुम्ही केलेलं असतं.

विरोधी पक्षाचा आमदार आणि सत्ताधारी आमदार, दोघांनाही तोच कागद द्या. विरोधक सभागृहात लक्षवेधी सूचना लावू शकतो, सत्ताधारी मंत्र्याच्या दालनात बसवू शकतो. दोघांना एकमेकांबद्दल सांगून ठेवा. लपवलं तर कळतंच आणि मग दोघंही तुटतात.

उत्तर म्हणून मंत्र्यांनी सभागृहात ‘तपासून निर्णय घेऊ’ म्हटलं तर ते वाक्य तारखेसह वहीत उतरवा. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती असते. तशीच विनंती अर्ज समिती असते. आमदारामार्फत नागरिकांचा अर्ज तिच्यापुढे जाऊ शकतो. या समित्या विदर्भात दौऱ्यावर येतात तेव्हा रेस्ट हाऊसवर गर्दी असते ती कंत्राटदारांची. संस्थावाला तिथे क्वचित दिसतो, म्हणून दिसला की ऐकला जातो.

तुमच्या कागदावर ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असं उत्तर येईल. नाराज होऊ नका, तो शेवट नसतो. महिनाभर थांबा आणि माहितीच्या अधिकारात त्या आवक क्रमांकाच्या फाइलमधल्या टिपण्यांची प्रत मागा. फाइल कोणत्या टेबलावर आहे ते कळतं, आणि टेबलावरच्या माणसालाही कळतं की कोणीतरी बघतंय.

विधेयक येतं तेव्हा

वरचं सगळं आपण मागायला जातो त्याबद्दल. कधी उलट होतं: सरकारच काहीतरी आणतं आणि सूचना मागवतं. केंद्र सरकारचं 2014 चं एक धोरण आहे, की कायद्याचा मसुदा निदान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा. ते बंधनकारक नाही आणि पाळलं जातंच असं नाही. वर सांगितलेली एफसीआरए दुरुस्ती 20 सप्टेंबर 2020 ला लोकसभेत मांडली गेली, 21 ला तिथे मंजूर, 23 ला राज्यसभेत मंजूर, 29 पासून लागू. करोनाचे दिवस, गाड्या बंद. आमच्याकडे बातमी नीट पोचेपर्यंत कायदा झालेला होता. समितीकडे गेलंच नाही, मग सूचना द्यायच्या कोणाला?

याच्या शेजारी आयकर विधेयक, 2025 ठेवून बघा. फेब्रुवारीत मांडलं, बैजयंत पांडा अध्यक्ष असलेल्या प्रवर समितीकडे गेलं. मूळ मसुद्यात निनावी देणग्यांवरची सूट फक्त निव्वळ धार्मिक ट्रस्टपुरती राहिली होती. म्हणजे देवळात दानपेटीही आहे आणि शाळा-दवाखानाही चालतो, अशा देवस्थानांच्या गुप्तदानावर कर लागला असता. समितीकडे त्याविरुद्ध म्हणणी गेली, जुलैच्या अहवालात समितीने सूट परत ठेवायला सांगितलं आणि ऑगस्टमध्ये आलेल्या नव्या विधेयकात ती परत आली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाने लहान संस्थांच्या आयकर नोंदणीची मुदत 5 वरून 10 वर्षं केली. अट अशी की आधीच्या दोन्ही वर्षांत उत्पन्न 5 कोटींच्या आत हवं. आमच्यासारख्यांचं तर सगळ्या जन्माचं उत्पन्न त्यात बसतं. दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचा फॉर्म भरायचा आणि सीएची फी द्यायची, ते निम्म्यावर आलं. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आहे, कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलले आहेत, म्हणून जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका.

तिसरं उदाहरण आपल्याच राज्याचं, आणि ते मधलं आहे. संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारं विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर 2024 च्या नागपूर अधिवेशनात मांडलं गेलं आणि महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. बारा हजारांच्या वर सूचना-हरकती आल्या. जुलै 2025 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर होताना त्यात मोजके बदल झाले: उद्देशातला ‘व्यक्ती आणि संघटना’ हा मोघम उल्लेख जाऊन तिथे कडव्या डाव्या संघटनांचा उल्लेख आला, सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. संस्था-संघटनांचा मुख्य आक्षेप ‘बेकायदेशीर कृत्या’च्या सैल व्याख्येवर होता, तो मिटला नाही. कोणाला हे यश वाटेल, कोणाला धूळफेक. मला त्यातून कामाचं एवढं दिसतं की शब्द धरून दिलेली हरकत शब्द हलवू शकते. ‘विधेयक मागे घ्या’ म्हणायचा हक्क आहेच, तो वापरा. पण त्याच कागदात खाली, ‘मागे घेत नसाल तर कलम अमुकमधला हा शब्द वगळा आणि त्या जागी हे घाला’ असंही लिहा. समितीच्या टेबलावर शेवटी कलमवार तक्ताच येतो. ज्याची सूचना तक्त्यात बसते, त्याच्यावर चर्चा होते.

तक्ता कसा? तीन रकाने: विधेयकातला मजकूर जसाच्या तसा, तुमचा बदललेला मजकूर, कारण दोन ओळींत. कारणात तत्त्वज्ञान नको, गावातली घटना द्या. ‘सभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली म्हणून आमच्या कार्यकर्तीला चौकशीला बोलावलं’ असं काही खरंच घडलं असेल तर ते लिहा. घडलं नसेल तर लिहू नका.

मुदतीची बातमी गावात उशिरा येते. म्हणून तालुक्यात एकाच माणसावर जबाबदारी टाका की आठवड्यातून एकदा राजपत्र, विधानमंडळाचं आणि संसदेचं संकेतस्थळ बघायचं. आमच्याकडे हे काम वाचनालयाचा ग्रंथपाल करतो. त्याला त्याची आवड आहे, आणि वाचनालयात वायफाय चालतं.

वापरून बदललेला नियम

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची गोष्ट विदर्भात सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी तिची एक बाजू सांगितली जात नाही. 2009 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच. गावाने हक्क आहे असं धरूनच बांबू विकायला काढला, अडवणूक जगाला दाखवली आणि एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. सप्टेंबर 2012 मध्ये वनहक्काच्या नियमांतच दुरुस्ती झाली आणि वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यायचा, असं लिहिलं गेलं. आधी चाल मोडली, मग नियम आला. ज्यांचा हक्क कायद्यात आधीच आहे त्यांच्यासाठी ही वाट निवेदनापेक्षा जवळची. मात्र गाव एक हवं, हे मेंढ्याला माहीत होतं. फुटलेल्या गावाने ही वाट धरू नये.

पैसा आणि पक्ष

हे थोडक्यात. या कामावर संस्थेचा पैसा खर्च करणार असाल तर आधी कार्यकारिणीचा ठराव घ्या आणि तो घटनेतल्या कुठल्या उद्देशात बसतो ते ठरावातच लिहा. नागपूरच्या चकरेचं तिकीटही व्हाउचरला लागलं पाहिजे. प्रकल्पाच्या निधीतून हा खर्च टाकू नका. देणाऱ्याने लेखी होकार दिला असेल तरच टाका. एफसीआरए असलेल्या संस्थांना भीती असते की मागणी केली की ‘राजकीय’ ठरू. 6 मार्च 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की, लोकांच्या प्रश्नासाठी आंदोलनाला पाठिंबा देणारी संघटना तेवढ्यावरून राजकीय ठरत नाही; सक्रिय पक्षीय राजकारणाशी संबंध असेल तर गोष्ट वेगळी. निकालाची प्रत फाइलमध्ये ठेवा आणि निवडणुकीच्या तीन महिन्यांत कोणत्याही पक्षाच्या मंचावर चढू नका, कितीही जवळचा भाऊ असला तरी. हा शेवटचा भाग कायद्यातला नाही, माझा आहे.

परिपत्रक निघालं तर

निघालं की काम संपलं असं समजून मंडळी पेढे वाटतात आणि कागद पेपरातल्या बातमीपुरता उरतो. परिपत्रक खालच्या खिडकीपर्यंत पोचायला वेळ लागतो, कधी पोचतच नाही. शासन निर्णय असेल तर महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरून सांकेतांक असलेली प्रतच उतरवा. व्हॉट्सअॅपवर फिरणारी फोटोकॉपी खिडकीवर चालत नाही. उतरवलेल्या प्रतीच्या झेरॉक्स काढून बैठकीला आलेल्या प्रत्येक संस्थेला द्या, वाचनालयात एक लावा, तालुक्यातल्या टायपिंगवाल्याकडे आणि सीएकडे एकेक ठेवा, कारण अर्ज तिथेच तयार होतात आणि जुना नमुना तिथूनच वर्षानुवर्षं चालत राहतो. मग पुढच्या अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘संदर्भ’ म्हणून त्याचा क्रमांक आणि तारीख टाका. तरीही जुनंच मागितलं, तर वहीत नवीन पान काढा: तारीख, काय मागितलं, कशाच्या आधारावर.